शुश्रूषा केंद्रात प्रौढांचे डायपर कसे वापरावेत

लघवीवर किंवा शौचावर ताबा न राहिलेल्या आजी-आजोबांची देखभाल वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. त्यात परिचारिका आल्या, रात्रपाळीच्या मावशी आणि मामा आले, तसेच दर महिन्याला साहित्याची मागणी नोंदवणारे व्यवस्थापकही आले. अनेक ठिकाणी डायपर सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा ठरलेल्या वेळी बदलले जातात, कारण त्या वेळा कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांशी जुळतात. त्या आजी-आजोबांच्या शरीराशी त्या जुळतीलच असे नाही. सकाळी आठला लघवीची गोळी घेतलेल्या आजी दहा वाजेपर्यंत दोनदा भिजलेल्या असतात आणि दोन वाजेपर्यंत तशाच बसून राहतात, तर शेजारच्या पलंगावरील आजोबांचा कोरडा डायपर केवळ वेळ झाली म्हणून काढून टाकला जातो. डायपर लावायचा की नाही, कोणता लावायचा आणि कधी बदलायचा, या तिन्ही गोष्टी त्या त्या व्यक्तीकडे पाहून ठरवायला हव्यात, आणि तसे ठरवणे कमी मनुष्यबळातही शक्य आहे.

आधी कारण शोधावे

कोणालाही कायमचा डायपर लावण्याआधी ताबा का गेला, याचा शोध घेणे आवश्यक आहे. 'वय झाले' हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, आतड्यात साचून घट्ट झालेला मळ, वाढलेली रक्तशर्करा, नव्याने सुरू झालेली झोपेची किंवा रक्तदाबाची औषधे, रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाला येणारा कोरडेपणा, रुग्णालयातून परतल्यानंतर काही दिवस टिकणारा संभ्रम, या सर्व कारणांनी ताबा जातो आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार आहे. त्यामुळे 'परवापर्यंत ठीक होत्या, कालपासून भिजतात' असे कोणाबद्दल ऐकू आले, तर डायपरच्या पाकिटाआधी डॉक्टरांना बोलवावे.

दोन परिस्थितींत डायपर खरा आजार झाकून टाकतो आणि म्हणून त्या नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढल्यामुळे मूत्राशय रिकामे होत नाही आणि भरून वाहणाऱ्या टाकीसारखे सतत थेंब-थेंब गळत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला लघवी होते आहे असे वाटते, प्रत्यक्षात ती तुंबलेली असते. ओटीपोट फुगलेले किंवा टणक लागत असेल, बेचैनी वाढली असेल, किंवा सहा-आठ तासांत डायपर जवळजवळ कोरडाच राहिला असेल, तर वाट पाहू नये. दुसरी परिस्थिती साचलेल्या मळाची आहे. घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो, कर्मचारी त्याला हगवण समजतात, जुलाब थांबवण्याची गोळी दिली जाते आणि अडथळा आणखी पक्का होतो. चार-पाच दिवस नीट शौच झालेले नसताना अचानक पातळ गळती सुरू झाली, तर हीच शंका प्रथम घ्यावी.

याशिवाय असे कितीतरी लोक असतात की ज्यांचा ताबा शाबूत असतो, परंतु ते वेळेत शौचालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत. माझ्या पाहण्यातील एका आजोबांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. ते दारापर्यंत वेळेत पोहोचत आणि पायजम्याच्या नाडीची गाठ सोडवताना भिजत. त्यांना दिवसभर डायपर लावला जात होता. नाडीच्या जागी इलॅस्टिक घातले, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली आणि त्यांना दिवसा डायपर लागेनासा झाला. भारतीय पद्धतीच्या शौचालयात गुडघे वाकत नाहीत म्हणून जाणे टाळणाऱ्या, रात्री दिवा दिसत नाही म्हणून उठण्याची भीती वाटणाऱ्या आणि मावशींना हाक मारायचा संकोच वाटणाऱ्या आजी प्रत्येक केंद्रात असतात. त्यांची गरज डायपरची नसते.

ज्यांना विचारल्यावर होय-नाही सांगता येते, त्यांच्यासाठी तीन दिवस एक प्रयोग करून पाहावा. जागेपणी दर दोन तासांनी जवळ जाऊन, हळू आवाजात, 'आजी, कोरडे आहे ना? एकदा जाऊन येऊ या का?' असे विचारावे, होकार आला तर न्यावे आणि तसे नोंदवावे. सकाळी उठल्याबरोबर आणि झोपण्यापूर्वी न्यावेच. चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून शौचासाठी बसवण्याची ती सर्वांत चांगली वेळ असते. तीन दिवसांत ओल्या डायपरांची संख्या उघडपणे कमी झाली, तर त्या व्यक्तीसाठी हाच क्रम कायम ठेवावा. फरक पडला नाही, तर त्यांना वारंवार उठवण्याचा त्रास देऊ नये.

वजनकाटा आणि वही

ज्यांना डायपर लागणारच आहे, त्यांच्यासाठी पहिले उपकरण म्हणजे स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा डिजिटल वजनकाटा. तो डायपरसाठी वेगळा ठेवावा. नव्या कोरड्या डायपरचे वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवावे आणि तीन दिवस प्रत्येक काढलेला डायपर पिशवीत गुंडाळून तोलावा. लघवीचे वजन पाण्याच्या जवळपास असल्यामुळे एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर असा सरळ हिशेब धरता येतो. ११० ग्रॅमचा डायपर काढताना ४६० ग्रॅम भरला, तर त्यात ३५० मिलिलिटर लघवी आहे. वजनाशेजारी बदलण्याची वेळ, शौच झाले होते का, कपडे किंवा चादर ओली झाली होती का आणि त्याआधी काय प्यायले, एवढे चार शब्द लिहिले की पुरे.

तीन दिवसांच्या अशा वहीतून जे दिसते ते वर्षानुवर्षांच्या सवयीतून दिसत नाही. कोणाची निम्मी लघवी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात होते, कोणाची सकाळच्या गोळीनंतरच्या दोन तासांत, तर कोणी दिवसभर थोडे-थोडेच भिजते. यावरून प्रत्येकाची बदलण्याची वेळ ठरते. गोळी आठला घेणाऱ्या आजींचा डायपर दहाला बदलला की पुढे जेवणापर्यंत बहुधा काळजी राहत नाही. रात्रीचा भार फार असेल, तर लघवीच्या औषधाची वेळ डॉक्टरांना दाखवून घ्यावी. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडू द्यावे, म्हणजे पायांत साचलेले पाणी रात्रीऐवजी संध्याकाळपर्यंत लघवीवाटे जाते.

ही वही पाणी तोडण्यासाठी मात्र वापरू नये. डायपर वाचावा म्हणून पाणी कमी देणे ही मी पाहिलेली सर्वांत घातक काटकसर आहे आणि अनेकदा ती स्वतः आजी-आजोबाच, 'तुम्हाला त्रास नको' म्हणून, करत असतात. कमी पाण्याने लघवी गडद होते, मूत्राशयाची आग वाढते, बद्धकोष्ठता होते, संसर्गाचा धोका वाढतो आणि शेवटी ताबा आणखी बिघडतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी, ताक, सरबत, पेज मिळून पोटात जायला हवे. त्यातला मोठा भाग संध्याकाळी सहाच्या आत द्यावा आणि रात्रीचा चहा टाळावा.

निवड

चालत्या-फिरत्या, स्वतः शौचालयात जाऊ शकणाऱ्या व्यक्तीला पँटसारखा ओढून घालायचा डायपर द्यावा, कारण तो तिला स्वतःच खाली-वर करता येतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असलेला टेपचा डायपर सोयीचा पडतो, कारण कूस बदलून तो काढता-घालता येतो. केवळ खोकताना किंवा हसताना थोडी गळती होणाऱ्या आजींना पूर्ण डायपरची गरज नसते, त्यांना नेहमीच्या आतल्या कपड्यात बसणारा पॅड पुरतो. नेसायची साडी असेल, तर पँट डायपरवर सुती परकर घालावा. तो फुगीर दिसत नाही आणि साडी नेसण्याची सवय मोडत नाही. अंडरपॅड, म्हणजे अंगाखाली चादरीवर पसरायचा शोषक पॅड, हा अंथरुणाच्या बचावासाठी असतो. तो डायपरची जागा घेऊ शकत नाही आणि मेणकापडावर व्यक्तीला थेट झोपवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्याखाली घाम साचून त्वचा मऊ पडते.

मापासाठी शिंप्याची टेप घेऊन कंबर आणि नितंब दोन्ही मोजावेत आणि जे माप मोठे असेल त्यावरून आकार निवडावा. मोठ्या आकारात जास्त लघवी मावते, हा समज चुकीचा आहे. मोठा डायपर मांड्यांपाशी सैल राहतो आणि तेथूनच गळतो. शोषण किती होणार हे आकारावर अवलंबून नसते, तर आत भरलेल्या लगद्यावर आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या कणांवर असते. हे कण ओलावा शोषून जेलीसारखे फुगतात. पाकिटावर मिलिलिटरमध्ये आकडा छापलेला असेल, तर तो प्रयोगशाळेतील कमाल क्षमतेचा असतो हे ध्यानात ठेवावे. बसलेल्या किंवा कुशीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर डायपरचा सगळा भाग भिजत नाही, म्हणून प्रत्यक्षातली क्षमता त्याहून बरीच कमी येते.

विक्रेते डायपरवर ग्लासभर साधे पाणी ओतून दाखवतात. त्या प्रयोगावर विसंबू नये, कारण लघवीतील क्षारांमुळे हे कण साध्या पाण्यापेक्षा खूपच कमी शोषतात. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यातले २०० मिलिलिटर डायपरच्या मध्यभागी एकदम ओतावे, पाच मिनिटांनी वर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने दाबावे आणि मग पुन्हा २०० मिलिलिटर ओतून तेच करावे. दुसऱ्या वेळी टिश्यू किती ओला होतो, यावरून रात्रीसाठी कोणता डायपर घ्यायचा ते कळते. स्वस्त पाकिटाचा डायपर दोनदा बदलावा लागत असेल तर तो स्वस्त राहत नाही.

लावण्याची रीत

गळतीच्या बहुतेक तक्रारी डायपरच्या दर्जाच्या नसून तो लावण्याच्या पद्धतीच्या असतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगते. पडदा ओढावा, हात धुऊन हातमोजे घालावेत, नवा डायपर, कोमट पाणी, मऊ सुती कापड, मलम आणि कचऱ्याची पिशवी हाताशी ठेवूनच सुरुवात करावी. अर्धवट उघडे ठेवून सामान आणायला जाऊ नये. डायपर उघडल्यावर तो लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून पन्हळीसारखा करावा आणि दोन्ही टोके धरून हलकेच ताणावा. त्यामुळे आतल्या बाजूच्या इलॅस्टिकच्या उभ्या कडा वर उठतात. या कडा आडव्या दबून राहिल्या, तर कितीही महागडा डायपर गळतो.

व्यक्तीला काय करणार आहोत ते सांगून दूरचा गुडघा वाकवून, खांदा आणि नितंब एकत्र धरून कुशीवर वळवावे. स्वच्छता पुढून मागे करावी. चिकटपट्ट्यांचा भाग पाठीकडे, वरची कड कमरेच्या रेषेत आणि मधली रेघ मणक्याच्या सरळ खाली येईल असा डायपर ठेवून त्याची अर्धी बाजू अंगाखाली सारावी, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती बाहेर काढावी. ओढून काढू नये, कारण घासल्याने पातळ त्वचा सोलते. पुढचा भाग पायांमधून वर घेताना कडा मांडीवर न ठेवता जांघेच्या घडीत बसवाव्यात आणि पुरुषांमध्ये लिंग खालच्या दिशेला आहे याची खात्री करावी. ते वर किंवा बाजूला राहिले, तर लघवी कमरेतून बाहेर येते. खालच्या पट्ट्या प्रथम, किंचित वरच्या दिशेने तिरप्या लावाव्यात, नंतर वरच्या पट्ट्या किंचित खालच्या दिशेने लावाव्यात. कमरेत एक बोट सहज जायला हवे. शेवटी जांघेतून बोट फिरवून दुमडलेली कड बाहेर काढावी. हा अर्ध्या मिनिटाचा शेवटचा हात सर्वांत जास्त विसरला जातो.

एकावर एक दोन डायपर कधीही लावू नयेत. आतल्या डायपरची बाहेरची बाजू पाणी न सोडणाऱ्या पदार्थाची असते, त्यामुळे बाहेरचा डायपर भिजतच नाही आणि उष्णता मात्र दुप्पट कोंडते. जास्त शोषण हवेच असेल, तर आत ठेवायचे वेगळे पॅड मिळतात, ज्यांतून ओलावा खाली झिरपतो.

त्वचा

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि त्यातच तिचे संरक्षण असते. त्वचेवर राहिलेल्या लघवीतील युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात, त्यामुळे आम्लता कमी होते आणि अशा वेळी मळातील पाचक रसांची त्वचेला इजा करण्याची ताकद वाढते. म्हणून लघवी आणि शौच एकत्र असलेला डायपर हा तातडीचा समजावा. तो रात्री दोन वाजताही ताबडतोब बदलायला हवा, पाळी कोणाचीही असो. नेहमीचा अंगाचा साबण अल्कधर्मी असल्याने तो प्रत्येक वेळी वापरू नये. जंतुनाशक द्रावण पाण्यात टाकून पुसण्याची जुनी सवय सोडून द्यावी. कोमट पाणी किंवा सौम्य, सुगंध नसलेले क्लीन्झर पुरते. पुसताना टिपावे, घासू नये. जुन्या सुती साडीचे, उकळून उन्हात वाळवलेले तुकडे यासाठी फार चांगले असतात.

टाल्कम पावडर आपल्याकडे मायेने लावली जाते, परंतु ओलाव्यात तिच्या गुठळ्या होतात आणि घडीत घासून जखमा होतात. झिंक ऑक्साइडचे किंवा पेट्रोलियम जेलीचे मलम अगदी पातळ, त्वचा दिसत राहील इतकेच लावावे. जाड थर डायपरच्या आतल्या थराला चिकटतो आणि शोषण अडवतो. प्रत्येक वेळी मागचा थर खरवडून काढण्याचीही गरज नसते.

डायपर बदलताना प्रत्येक वेळी पाहणे हेही कामच आहे. घड्यांमध्ये पसरलेली, कडा अस्पष्ट असलेली लाली बहुधा ओलाव्यामुळे असते. लालीभोवती बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतील आणि खाज असेल, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळे मलम लागते. माकडहाडावर किंवा नितंबाच्या हाडाशी ठळक सीमा असलेला लाल डाग बोटाने दाबल्यावर क्षणभरही पांढरा पडत नसेल, तर ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची, म्हणजे बेडसोरची, सुरुवात आहे. तेथे केवळ मलमाने काही होणार नाही, कूस बदलण्याचे वेळापत्रक ताबडतोब कडक करावे लागेल. सावळ्या त्वचेवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून आजूबाजूच्या भागापेक्षा गरम, टणक किंवा मऊ लागते का हे हाताने पाहावे.

रात्र

रात्रीचा प्रश्न झोप आणि कोरडेपणा यांतील तडजोडीचा आहे. त्वचा चांगली असलेल्या, स्वतः कूस बदलू शकणाऱ्या व्यक्तीला जास्त क्षमतेचा डायपर लावून सहा-सात तास झोपू द्यावे. काही डायपरांवर बाहेरून असलेली, ओलाव्याने रंग बदलणारी पट्टी बॅटरीच्या मंद उजेडात, पांघरूण थोडे सारून पाहता येते. मात्र ती पट्टी थोड्या ओलाव्यानेही बदलते, म्हणून केवळ रंग पाहून लगेच बदलू नये, हाताने जडपणा बघावा. ज्यांची कूस दर दोन तासांनी बदलावीच लागते, त्यांचा डायपर त्याच वेळी तपासावा, म्हणजे दोनदा उठवावे लागत नाही.

बोलण्याचे भान

जो माणूस ऐंशी वर्षे स्वतःच्या कपड्यांची घडी स्वतः घालत आला, त्याच्या अंगावर डायपर बांधताना वापरलेला प्रत्येक शब्द त्याला ऐकू जातो, स्मृतिभ्रंश असला तरी. खोलीच्या दारातून 'आजोबांचा डायपर भरलाय' असे ओरडू नये, लहान मुलांच्या वस्तूंची नावे घेऊ नयेत, नाक मुरडू नये. 'काका, कपडे बदलू या, बरे वाटेल' एवढे पुरते. आजींना स्त्री कर्मचारीच असावी आणि ज्यांना सांगता येते त्यांना कोणाकडून मदत हवी, हे विचारावे. घरच्यांसमोर हा विषय निघाला तर तो बाहेर घेऊन बोलावा. डायपर काढून फेकणारे, फाडणारे आजोबा त्रास देण्यासाठी तसे करत नाहीत. डायपर ओला आहे, टोचतो आहे किंवा त्यांना शौचाला जायचे आहे, एवढेच ते त्यांच्या परीने सांगत असतात, म्हणून हात बांधण्याआधी डायपर उघडून पाहावे. हात बांधण्याची वेळ मग बहुधा येत नाही.

साठा आणि विल्हेवाट

बारा जणांना रोज सरासरी चार या हिशेबाने ४८ आणि महिन्याला १,४४० डायपर लागतात. हा आकडा आकारांनुसार विभागून मागवावा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात मोठा आकार सगळ्यांना लावला जातो आणि चादरी धुण्यात दुप्पट श्रम जातात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघडी पाकिटे हवेतील ओलावा ओढून घेतात. ती भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच आणि झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

काढलेल्या डायपरमधील घट्ट मळ शौचालयात टाकून तो डायपर आतल्या बाजूने गुंडाळावा आणि त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा. शौचकूपात डायपर टाकू नये, कारण तो फुगून नळ तुंबवतो. घनकचरा व्यवस्थापन नियम वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरतात आणि ते नीट गुंडाळून देणे ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी ठरवतात. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने रुजवलेली पद्धत कुठेही उचलण्याजोगी आहे: वर्तमानपत्रात पक्के गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईंना ते पुडके उघडून पाहावे लागत नाही.

तीन दिवसांची वजनाची नोंद दर तीन महिन्यांनी, आणि कोणी रुग्णालयातून परतल्यावर, औषध बदलल्यावर किंवा चालणे बंद पडल्यावर लगेच, नव्याने करावी. पाळी बदलताना वहीतील ते पान पुढच्या मावशींना तोंडी वाचून दाखवावे: कोणाला कितीला बदलले, कोणाला अजून शौच झाले नाही आणि कोणाच्या माकडहाडावर आज लाली दिसली.